आठ आणे वाळलेला कडुनिंब: सोलापूरच्या झाडीतल्या एका पाहणीचं प्रकरण

गेल्या सप्टेंबरात पाऊस ओसरत आला होता. सोलापुरात विजापूर रस्त्याकडच्या झाडीत रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांना तेव्हा एक गोष्ट खटकायला लागली. कडुनिंब खालून हिरवेगार होते आणि वरून भाजल्यासारखे. शेंड्यांची पानं तपकिरी होऊन डहाळीलाच लटकली होती, गळतही नव्हती. आपल्याकडं कडुनिंब पान टाकतो तो माघ-फाल्गुनात. तेव्हा अख्खं झाड एकसारखं पिवळं पडतं आणि बुंध्याशी पानांचा सडा होतो. भाद्रपदात तर हे झाड सगळ्यात भरलेलं असायला हवं. त्याच महिन्यात शेंडे करपले होते, आणि एखाद्या झाडाचे नाही, नजर जाईल तिथवर.

मी निवृत्त शिक्षक. शाळेत विज्ञान शिकवलं, वनस्पतीशास्त्र हा आवडीचा विषय. आमचा फिरणाऱ्यांचा गट बारा-पंधरा जणांचा आहे. त्यात मोहोळकडचे एक डाळिंब बागायतदार आहेत, त्यांना सगळे तात्या म्हणतात. पूर्व भागातल्या एक अक्का आहेत, आयुष्यभर विड्या वळल्या, आता नातवाला शाळेत सोडून इकडं येतात. दोन कॉलेजच्या मुली, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, आणि बाकीचे अधूनमधून येणारे. यातल्या कुणीही याआधी झाडांची पाहणी केली नव्हती. पुढच्या सात महिन्यांत आम्ही जे केलं, जे चुकलं आणि जे सुधारलं, ते इथं सविस्तर मांडतो आहे. अशी झाडी प्रत्येक शहराच्या कडेला आहे, आणि तिथंही कुणीतरी मान वर करून उभं असणार.

पहिली बातमी अक्कांनी आणली. त्यांचं माहेरचं गोत तेलंगणात. "आमच्या करीमनगरकडं पण असंच झालंय सर, वेप चेट्टू सगळी वरनं वाळली," असं त्या म्हणाल्या. वेप चेट्टू म्हणजे कडुनिंब. सोलापूरच्या पूर्व भागात असं मराठी आणि तेलुगू एका वाक्यात येतंच. अक्कांचा जीव त्या झाडात का अडकला हे मला नंतर कळलं. आषाढात देवीला कडुनिंबाचे डहाळे लागतात, आणि ते त्या याच रस्त्याच्या झाडांवरून आणत आल्या आहेत.

अक्कांचं म्हणणं खरं होतं. २०२१ च्या आसपास तेलंगणात कडुनिंब मोठ्या प्रमाणावर असे वाळले, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूतूनही तशाच बातम्या आल्या. या शेंडेमरीमागं प्रामुख्यानं एक बुरशी असते, तिचं नाव फोमॉप्सिस अझाडिरेक्टी. मैसूरच्या संशोधकांनी १९९७ साली तिचं वर्णन करून तिला हे नाव दिलं. पावसाळ्यात वाळक्या डहाळ्यांवर तिचे टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके उठतात. त्यातून बीजाणू बाहेर पडतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर, किडींच्या अंगाला लागून दुसऱ्या डहाळीवर जातात. बियांतूनही ती पसरते. जोर असला तर त्या हंगामात निंबोळी जवळजवळ धरतच नाही. हिच्या जोडीला बऱ्याचदा ढेकण्या असतो. काजूवाले त्याला चांगला ओळखतात, इंग्रजी नाव टी मॉस्क्युटो बग. तो कोवळ्या शेंड्यात सोंड खुपसून रस पितो, तिथं काळपट चट्टा पडतो, आणि त्या जखमेतून बुरशीला आत वाट मिळते.

एवढं मला वाचून ठाऊक होतं. आणि या ठाऊक असण्यानंच आमची पहिली पाहणी बिघडवली.

नाव आधी लिहिलं

वनविभागाची परवानगी काढायला दोन आठवडे गेले. झाडी त्यांची, तिथलं पान तोडायचं तरी विचारूनच. पहिल्या रविवारी मी वहीचे रकाने आखून नेले. झाडाचा नंबर, जात, घेर, उंची अंदाजे, आणि शेवटचा रकाना "फोमॉप्सिस आहे / नाही". निघण्याआधी मी सगळ्यांना गोळा करून दहा मिनिटं या बुरशीबद्दल सांगितलं, फोनवर फोटो दाखवले.

दुपारी वह्या परत आल्या तर जवळजवळ प्रत्येक झाडापुढं "आहे". ज्याच्या बुंध्यावर वाळवीची माती चढली होती तिथं "आहे". ज्याच्या अर्ध्या डेऱ्यावर बांडगूळ बसलं होतं तिथंही "आहे". उन्हाळ्यात गवत पेटलं होतं, तेव्हा एका अंगानं होरपळलेलं झाडही त्यात. दोन बोरी आणि एक करंजही त्यात होता, आणि ही बुरशी तर कडुनिंबाची. माणसं निष्काळजी नव्हती. मी त्यांच्या हातात उत्तर देऊन मग प्रश्न विचारला होता. ती वही मी ठेवली आहे, पण त्यातली एकही नोंद पुढं वापरली नाही.

दुसऱ्या रविवारी रकाने बदलले. रोगाचं नाव कुठंच नाही. त्याऐवजी साधे प्रश्न. शेंडे वाळलेत का? वाळलेली पानं डहाळीला लटकलीत की गळून पडलीत? वाळणं वरून खाली येतंय की एकाच अंगाला आहे? खालच्या पेऱ्यांवर नवा फुटवा दिसतो का? खोडावर डिंक, भोक, जाळी, मातीचा लेप, भूछत्र यातलं काही आहे का? बांडगूळ आहे का? आणि एकच सूचना: दिसलं ते लिहा, नाव लिहू नका.

ही सूचना अंगवळणी पडायला वेळ लागला. बँकेतले काका दर दोन झाडांनी विचारायचे, "मग हा रोग आहे की नाही?" त्यांना आकड्यांची सवय, ताळेबंद लागायला हवा. मी म्हणायचो, काका, ते आपण फांदी कापून घरी गेल्यावर बघू, आत्ता फक्त हिशोबाच्या पावत्या गोळा करतोय. पावत्यांचं त्यांना पटलं. त्यानंतर त्यांच्याइतक्या स्वच्छ नोंदी कुणाच्याच आल्या नाहीत.

वाळवीबद्दल इथंच सांगून टाकतो, कारण ही चूक सगळीकडं होते. खोडावर मातीचा लेप दिसला की लोक झाड गेलं असं धरतात. बहुतेक वेळा वाळवी त्या लेपाखाली वरची मेलेली सालच खात असते, जिवंत लाकडाला तिचा उपद्रव नसतो. काळजी करायची ती बुंध्याशी, जमिनीलगत, कंगोऱ्यासारखं कडक भूछत्र फुटलेलं दिसलं तर. गुलमोहर आणि सुबाभळीच्या बुडाशी गॅनोडर्मा बुरशीची अशी भूछत्रं येतात. तिचा अर्थ मुळं आतून कुजली आहेत, आणि वर डेरा हिरवा असला तरी ते झाड वादळात बुडातून आडवं होऊ शकतं. रस्त्याकडेचा असा एक गुलमोहर आम्हाला सापडला. त्याची नोंद आम्ही त्याच दिवशी वनरक्षकांना वेगळी कळवली, कारण त्याच्या खाली चहाची टपरी लागते.

आणेवारी

तिसऱ्या रविवारी एक झाड चुकून दोन जोड्यांनी तपासलं. संध्याकाळी मी वह्या जुळवत बसलो तेव्हा लक्षात आलं. एका जोडीनं लिहिलं होतं "८० टक्के वाळलेलं". दुसरीनं त्याच झाडासाठी, त्याच सकाळी, "किरकोळ, २० टक्के". दोन्ही जोड्या जबाबदार माणसांच्या. मला रात्री झोप नीट लागली नाही. एकाच दिवशी एकाच झाडाचे दोन आकडे येत असतील, तर फेब्रुवारीत येणारा आकडा झाडाबद्दल काय सांगणार? फक्त कोण बघायला गेलं होतं तेवढंच सांगणार.

पुढच्या रविवारी पाहणी केलीच नाही. सगळ्यांना एका मोठ्या कडुनिंबापाशी नेलं, प्रत्येकाला कागदाचा कपटा दिला आणि सांगितलं, किती टक्के वाळलंय ते लिहा, शेजाऱ्याला दाखवू नका. कपटे उघडले तर पंधरापासून सत्तरपर्यंत आकडे. मुली हसायला लागल्या. तात्या हसले नाहीत. त्यांनी काठीनं मातीत रेघ ओढली आणि म्हणाले, "सर, टक्के कशाला? आणेवारी करा की. आमच्या बापजाद्यांनी रान आण्यावरच मोजलंय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीक किती आलं हे ठरवायची सरकारी रीत पूर्वी आण्यांत होती. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. १९५७ साली दशमान नाणी आल्यानंतर ती हळूहळू पैसेवारी झाली, आणि आजही पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की गावात टंचाईची भाषा सुरू होते. दुष्काळाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी आणेवारीवरून भांडलेलं होतं.

मग आम्ही तेच केलं. वाळलेला भाग चार आण्यांच्या आत, चार ते आठ, आठ ते बारा, बारा ते सोळा. बस, चारच घरं. मनातल्या मनात डेऱ्याच्या चार फोडी करायच्या, भाकरीच्या करतो तशा, आणि किती फोडी गेल्या ते बघायचं. मला नंतर आठवलं की ब्रिटनमध्येही ॲश झाडांच्या शेंडेमरीसाठी डेऱ्याचे असेच चार भाग धरतात. तिथं २०१२ साली हा रोग पहिल्यांदा सापडला, आणि पुढच्याच वर्षी झाडांचे रोग टिपायला सामान्य माणसांना शिकवणारा ऑब्झर्व्हट्री नावाचा उपक्रम सुरू झाला. टक्क्याच्या बारकाईवर दोन माणसांचं जमत नाही, पाव-अर्ध्यावर जमतं, हे त्यांनाही कळलेलं दिसतं. पण आम्हाला ते तात्यांच्या काठीच्या रेघेतून कळलं, आणि म्हणून टिकलं.

दुसरे कपटे काढले. या वेळी बहुतेकांचं "चार ते आठ" आलं, तरी तीन कपटे "आठ ते बारा" म्हणत होते. तिघंही एकाच बाजूला उभे होते, झाडाच्या पश्चिमेला, समोर सकाळचं ऊन. उन्हाकडं तोंड करून बघितलं की पानाआड आभाळ लखलखतं, डेरा विरळ भासतो, हिरवं पानही काळपट दिसतं. त्यांना आमच्या बाजूला आणून उभं केल्यावर त्यांनी आपणहून कपटे बदलले. तात्या म्हणाले, "आणेवारीला साहेब येतो आन् बांधावरनं बघून जातो. बांधावरनं ज्वारी भरलेलीच दिसतीय, कणीस हातात घेतल्याबिगर दाणा कळत नाही."

त्या दिवशीपासून प्रत्येक झाडासाठी उभं राहायची जागा ठरली. ऊन पाठीमागं, झाडाच्या उंचीएवढं अंतर, आणि तिथं एक दगड. दगडावर चुन्यानं झाडाचा नंबर. पुढच्या वेळी कुणीही आलं तरी त्याच दगडावर उभं राहायचं आणि तिथूनच फोटो काढायचा. झाडांना खिळे ठोकले नाहीत, पाट्या लावल्या नाहीत. पाहणीच्या नावाखाली झाडाला जखम करणं मला कधीच पटलं नाही. चाळीस कडुनिंब ठरवले, चाळीस दगड मांडले. जास्त झाडं घेतली असती तर पहिल्या उत्साहात मोजून झाली असती आणि दुसऱ्या फेरीला कुणी आलं नसतं.

सिकेटर

फांद्या कापायची वेळ आली तेव्हा मी घरच्या बागेतलं सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन गेलो. पहिल्या झाडाची डहाळी कापली, दुसऱ्याकडं वळलो, तर तात्यांनी माझं मनगट धरलं. "सर, थांबा. धुतलं नाही."

डाळिंबवाल्याला हे सांगावं लागत नाही. सोलापूर जिल्ह्यानं तेल्या भोगला आहे. फळावर तेलकट डाग, मग तडा, आणि बघता बघता बाग मोडायची पाळी. तो रोग जिवाणूचा, हा बुरशीचा, पण कात्रीच्या पात्यावरून दोन्ही फिरू शकतात. तात्यांच्या बागेत छाटणी करणारा प्रत्येक गडी एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सिकेटर सोडियम हायपोक्लोराईटच्या पाण्यात बुडवतो. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथले लोकही वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत. मी इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, आणि निरोगी झाडात आजाराची पाती घालायला निघालो होतो. तात्यांनी पिशवीतून बाटली काढली, फडकं काढलं. नंतर दर झाडागणिक ते काम त्यांनी स्वतःकडंच ठेवलं.

त्या दिवशी कापलेली एक डहाळी मी भिंगाखाली बराच वेळ पाहिली. सतरा नंबरच्या झाडाची, करंगळीएवढी जाड. टोकाकडचा वीतभर भाग तपकिरी, सुरकुतलेला, त्यावर बारीक काळे उंचवटे, बोटाला खसखशीसारखे लागणारे. मग एक रेघ. रेघेच्या खाली साल हिरवीच. ब्लेडनं डहाळी उभी चिरली तर आत तीच रेघ, पण बाहेरच्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेली. बाहेरून हिरवं दिसणारं लाकूड आतून आधीच तांबूस झालं होतं. आणि त्याच्याही खाली, तिसऱ्या पेऱ्यावर, पानाच्या बगलेत एक डोळा फुगलेला, तांबडा, ज्वारीच्या दाण्याएवढा. एकाच हातात मेलेलं, मरत असलेलं आणि फुटू पाहणारं. अक्कांनी भिंग मागितलं. बराच वेळ बघितलं आणि डोळ्याला बोट न लावता डहाळी परत माझ्या हातात दिली.

प्रयोगशाळेसाठी नमुना घ्यायचा तो नेमका त्या रेघेवरचा. पूर्ण वाळलेलं टोक पाठवलं तर त्यावर मेलेल्या लाकडावर वाढणाऱ्या इतर बुरशा आधीच बसलेल्या असतात, आणि खरी कारणीभूत कोण हे कळत नाही. जिवंत आणि मेल्याच्या सीमेवरचा तुकडा वरून निर्जंतुक करून बटाट्याच्या अर्काच्या आगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, ठेवला, की आत शिरलेली बुरशी बाहेर येते. हे मला ठाऊक होतं. पण पहिला नमुना पाठवताना आमच्यातल्या कुणीतरी तो प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधला. दोन दिवसांच्या प्रवासात आत पाणी सुटलं आणि सगळ्यावर हिरवा बुरा चढला. प्रयोगशाळेनं तो न तपासताच परत केला, आणि त्यांनी योग्यच केलं. दुसरा नमुना कागदाच्या पाकिटात, वर्तमानपत्रात गुंडाळून, झाडाचा नंबर आणि तारीख पेन्सिलीनं लिहून पाठवला. पेन्सिल यासाठी की ओल लागली तरी तिचं अक्षर शाईसारखं पसरत नाही.

उत्तर आलं ते असं: तीन झाडांपैकी दोनच्या डहाळ्यांत फोमॉप्सिस वंशाची बुरशी वाढली, तिसरीत नाही. तिसऱ्या झाडाचे शेंडे पुन्हा जाऊन बघितले. तिथं कोवळ्या देठांवर ढेकण्याचे लांबट काळे चट्टे होते, डिंकाचे थेंब होते, पण वाळणं वीतभरावरच थांबलं होतं. खालून दोघांचे शेंडे सारखेच भाजलेले दिसतात. पहिल्या दिवशीच्या वहीत दोन्हींपुढं मी "आहे" लिहून घेतलं असतं.

तोडा म्हणणारे

ऑक्टोबरच्या शेवटी एका मुलीनं पाहणीतला एक फोटो आपल्या मैत्रिणींना पाठवला. तो फिरत फिरत कुठल्या कुठं गेला, आणि परत आला तेव्हा त्याखाली लिहिलेलं होतं की सोलापुरातले सगळे कडुनिंब मरणार आहेत आणि रोग माणसालाही होतो. ती मुलगी रडकुंडीला आली होती. तिची चूक एवढीच की फोटोबरोबर तिनं काहीच लिहिलं नव्हतं, आणि रिकाम्या जागेत लोकांनी आपली भीती भरली.

आठवडाभरात एका वसाहतीतले लोक आमच्याकडं आले. त्यांच्या गल्लीत रांगेनं कडुनिंब आहेत, ते तोडून टाकावेत असा अर्ज त्यांना द्यायचा होता आणि आमच्या सह्या हव्या होत्या. काहींना खरंच भीती वाटत होती. एक-दोघांना मात्र पार्किंगची जागा दिसत होती, हे बोलण्यातून कळत होतं. मी त्यांना सांगितलं, ही बुरशी माणसाला, जनावराला होत नाही. शहरातलं झाड तोडायचं तर १९७५ च्या झाडं जतन करण्याच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि वाळका शेंडा हे तोडायचं कारण होत नाही. कडुनिंब या रोगानं सहसा मरत नाही. वाळतो, आणि पुढच्या पालवीला खालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटतो. वर्षानुवर्षं लागोपाठ झालं, किंवा झाड आधीच दुष्काळानं, बुंध्याभोवतीच्या काँक्रिटनं गांजलेलं असलं, तर मात्र धोका असतो. त्यांच्या गल्लीतली झाडं बघायला आम्ही गेलो. बुंध्याला चिकटून फरशी होती, पाणी मुरायला वीतभर जागा नव्हती. आम्ही त्यांना फरशी फोडून आळं करायला सांगितलं. निम्म्यांनी केलं.

फवारणीचं विचारणारेही होते. अंगणातलं लहान झाड असेल तर वाळक्या डहाळ्या रेघेच्या वीतभर खालून छाटून जाळाव्यात, आणि गरज वाटली तर कृषी विद्यापीठाच्या माणसाला विचारून बुरशीनाशक मारावं. झाडीतल्या चाळीस फुटी झाडांवर औषध उडवायचं मी सुचवलं नाही. ते शेंड्यापर्यंत पोचत नाही, आणि खाली मधमाशा, पक्षी, सकाळी फिरणारी माणसं. तात्यांचं मत वेगळं होतं. त्यांना एक तरी फवारणी व्हावी असं वाटत होतं, कारण बागायतदाराला हातावर हात ठेवून बसवत नाही. त्यावर आमचा वाद झाला, आणि तो मिटला असं मी म्हणणार नाही. निर्णय वनविभागाचा होता आणि त्यांनी फवारणी केली नाही.

त्यांना आम्ही जो अहवाल दिला तो दोन पानांचा होता. चाळीस झाडांची आणेवारी, फोटो, दगडांचा नकाशा, प्रयोगशाळेचं उत्तर. सुरुवातीलाच लिहिलं की पहिल्या रविवारच्या नोंदी रद्द केल्या आहेत आणि का केल्या. बँकेतले काका म्हणाले होते, आपली चूक कशाला कागदावर आणायची? पण खोडलेली ओळ दिसली नाही तर उरलेल्या ओळींवर विश्वास कुणी ठेवायचा, हे त्यांनाच जास्त पटायला हवं होतं. शेवटी तो परिच्छेद त्यांनीच नीट करून लिहिला.

चैत्र

नोव्हेंबरात, जानेवारीत आणि फेब्रुवारीत फेऱ्या झाल्या. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेमुळं निम्मे लोक आले नाहीत, उरलेल्यांनी दोन सकाळी लावून चाळीस झाडं पुरी केली. फेब्रुवारीची फेरी अवघड गेली, कारण तेव्हा कडुनिंब आपणहून पान टाकतो आणि रोगाचं वाळणं कुठलं, ऋतूचं कुठलं हे सांगता येत नाही. दुसऱ्या कुणी ही पाहणी करणार असेल तर सप्टेंबर ते डिसेंबर बघावं, मग थेट पालवीनंतर बघावं. मधली फेरी आम्ही पुढच्या वर्षी वगळणार आहोत.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटच्या फेरीला गेलो. दुसऱ्या दिवशी घरोघरी कडुनिंबाचा पाला लागणार म्हणून रस्त्यावर डहाळ्या विकायला बसलेल्या बायका होत्या. अक्का सगळ्यांच्या पुढं चालत थेट सतरा नंबरच्या दगडावर जाऊन उभ्या राहिल्या.

ऑक्टोबरात या झाडाची आणेवारी "आठ ते बारा" होती. आता वरच्या डहाळ्या तशाच वाळक्या, करड्या, आभाळात बोटं उगारल्यासारख्या. पण त्यांच्या खाली, दोन-अडीच हात खाली, प्रत्येक फांदीच्या पेऱ्यापेऱ्यातून पालवी सुटली होती. तांबूस, ओली, ऊन आरपार जाईल इतकी पातळ. झाड बुटकं झालं होतं आणि भरलं होतं. पलीकडं सव्वीस नंबरचं झाड होतं. आधीच्या प्रत्येक फेरीत आम्ही त्याला "चार आण्यांच्या आत" लिहिलं होतं. त्याला एकही पालवी नव्हती. बुंध्याशी जाऊन बघितलं तर जमिनीलगत साल चारी बाजूंनी सोललेली, कुणीतरी औषधाला नेलेली, आणि ती आमच्या एकाही फेरीत कुणाला दिसली नव्हती. आम्ही सगळे दगडावर उभं राहून वर बघत होतो.

बँकेतल्या काकांनी वही काढली. सतरासमोर लिहिलं: "वाळलेलं चार ते आठ, खालच्या पेऱ्यांवर पालवी, फुलं नाहीत." सव्वीससमोर लिहिलं: "पालवी नाही. बुंध्याची साल गोल सोललेली. कधी ते माहीत नाही." मग रकान्याच्या वर, जिथं प्रश्न छापले होते, तिथं पेन्सिलीनं एक नवा प्रश्न घातला: बुंध्याभोवती एक फेरी मारली का?

तात्यांनी सव्वीसचा दगड उचलला, बुंध्याजवळ आणून ठेवला, आणि दुसरा दगड शोधायला गेले, कारण लांबूनही बघायचं होतंच.